बंद घरांशी बोलणाऱ्या मंदाकाकू

मे महिना लागला की आमच्या गल्लीतली एक बाई रिकाम्या घरांशी मोठमोठ्यानं बोलत सुटायची, आणि तिच्या भरवशावर अख्खी गल्ली निर्धास्तपणे गावाला जायची. नवख्या माणसानं हे पाहिलं की तो घाबरून आमच्याकडे चौकशीला यायचा, "ती बाई बरी आहे ना?" आम्ही त्याला पाणी द्यायचो आणि खुर्चीवर बसवायचो. सगळं सांगायला वेळ लागायचा.

इथं हिंदी मुलखात, रिछाईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची कॉलनी आहे. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यांतली नऊ मराठी. कुणी कारखान्यातून रिटायर झालेलं, कुणी रेल्वेतून, आणि माझ्यासारखे काही अजून सरकारी खुर्चीला चिकटून. शाळांना सुट्ट्या लागल्या की आठ दिवसांत गल्ली ओस पडते. नागपूर, अकोला, अमरावती, पुणे, जिथं ज्याचं माहेर आणि जिथं ज्याचे आंबे. प्रत्येकाची ऑटो गल्लीच्या शेवटच्या घरापाशी थांबायची. फाटकात मंदाकाकू वझलवार उभ्या असायच्या. एका हातात दह्याची वाटी, दुसरा हात चावीसाठी पुढे. दही घ्या, चावी द्या, चलो, निघा.

ठेंगण्या, गोल, सुती साडीचा पदर खोचलेला, चष्म्याला दोरी, आणि कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की काकू येताहेत हे आधी कानाला कळायचं. चाव्यांवर नावं लिहायला त्यांचा सक्त विरोध. "जुडगा हरवला तं चोराला पत्ता पण आपणच द्यायचा काहून?" म्हणून प्रत्येक चावीला त्या त्या घरची एक चिंधी बांधलेली. देशकरांच्या चावीला वसुधावहिनींच्या परकराची नाडी, पाठक मॅडमच्या चावीला ब्लाऊजपीसचा तुकडा, आणि आमच्या चावीला माझ्या फाटक्या बनियनची पट्टी. माझं बनियन बरीच वर्षं काकूंच्या कमरेला लटकत होतं हे लिहायला संकोच वाटतो, पण त्याला इलाज नाही.

हे सगळं सुरू झालं एका चोरीपासून. वझलवार काका हयात होते तेव्हा दोघं लग्नाला नागपूरला गेले आणि परत आले तर घर साफ. कपाट गेलं, भांडी गेली, कुकरसुद्धा गेला. पण काकूंना खरा धक्का त्याचा नव्हता. चोर म्हणे दोन दिवस घरात राहिला होता. पंखा लावून झोपला, रेडिओ लावला, लिंबाच्या लोणच्याची बरणी संपवली, आणि शेजारपाजारच्यांना वाटलं, वझलवार परत आलेले दिसतात! काकू हे सांगताना दर वेळी दोन्ही हात कपाळाला लावायच्या आणि लगेच बोट वर करायच्या. "पण मोहनभाऊ, शिकवून गेला मेला. घरात आवाज असला की कोणी पाहत नाही."

त्या वर्षापासून त्यांनी चोराचीच विद्या चोरावर उलटवली. मे महिन्यात स्वतः कुठं जायचं नाही आणि एकही बंद घर बंद दिसू द्यायचं नाही. सकाळी प्रत्येक अंगणात कपडे वाळत घालायचे, संध्याकाळी आळीपाळीनं दिवे लावायचे, आणि दिवसातून चारदा गल्लीतून फिरत घरांशी बोलायचं. देशकर कुटुंब अकोल्यात आमरस ओरपत असायचं आणि इकडे काकू त्यांच्या खिडकीत तोंड घालून ओरडायच्या, "अगं वसुधा, दूध पाहा, उतू चाललं!" मग पुढच्या घरी, "विनू, उतर आधी झाडावरून!" विनू तोवर बंगलोरला इंजिनियर झाला होता आणि त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. काकूंच्या आरोळीत तो आठ वर्षांचाच राहिला.

देशकरांचं घर भांडणासाठी प्रसिद्ध. ते गावाला गेले तरी काकूंनी भांडण बंद पडू दिलं नाही. रोज संध्याकाळी फाटकात उभ्या राहून पाच मिनिटं वसुधावहिनींच्या बाजूनं भांडायच्या, अध्येमध्ये थांबून देशकरांचं उत्तर ऐकल्यासारखं करायच्या आणि आणखी चिडायच्या. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "रोजचं भांडण एकदम बंद झालं तं चोराला संशय नाही येणार?" देशकर परतल्यावर त्यांना कळायचं की आपण महिनाभर हरत होतो.

मी स्वतः कधी गावाला जात नसे. माझी बायको सुनंदा मुलांना घेऊन अमरावतीला जायची, मी ऑफिसपायी मागे. तरी आमचं घर काकूंच्या यादीत बंदच. "बाई नाही तं घर सूनंच ना! एकटा माणूस घरात असून काय, दिवा लावायचा पण विसरतो." मी आत सोफ्यावर पेपर वाचत असायचो आणि बाहेरून आवाज यायचा, "सुनंदा, तुझ्या फोडणीचा काय खमंग वास येऊन राहिला!" एकदा मला राहवलं नाही. आतून ओरडलो, "काकू, ती अमरावतीला आहे!" काकू तडक आत आल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मधात काहून बोलले तुम्ही? साऱ्या गल्लीला ऐकू गेलं असेल!"

सुट्ट्यांत पोलिसांचीही फेरी व्हायची. बीटचा शिपाई सज्जन माणूस. बंद घरांची यादी हवी, म्हणजे गस्तीत लक्ष ठेवता येईल, असं तो समजावून सांगायचा. काकू त्याला कैरीचं पन्हं द्यायच्या, यादी द्यायच्या नाहीत.

"एक भी घर सूना नहीं है।"

"माताजी, सामने ताला दिख रहा है।"

"ताला तो हम अंदर बैठ के बाहर से लगवा लेते हैं। गरमी में हवा नहीं आती इसलिए।"

यात हवेचा संबंध कुठून आला हे त्यानं विचारलं नाही. पन्हं संपवून "हओ माताजी" म्हणाला आणि निघाला. पण त्यानंतर तो दिवसातून दोनदा यायला लागला. पन्ह्यासाठी की घरांसाठी, हे त्याचं त्याला माहीत.

नगर निगमचा पाण्याचा टँकर यायचा तेव्हा मात्र आमचे हाल व्हायचे. राहतं घर पाणी घेणार नाही असं कसं होईल? म्हणून चौदाच्या चौदा घरांपुढचे ड्रम भरले पाहिजेत. मी पाइप धरायचा, काकू प्रत्येक दारात "आली गं आली!" करत आत जाऊन नुसत्याच बाहेर यायच्या. मग ते पाणी वाया जायला नको म्हणून बादल्यांनी मागच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत पोचवायचं. तिथल्या बायका भिंतीपाशी कळशा घेऊन तयारच. एका उन्हाळ्यात माझं पोट दोन इंच कमी झालं आणि सुनंदानं परत आल्यावर काकूंचे आभार मानले.

चूक त्यांच्याकडून एकदाच झाली, पण ती अशी झाली की कॉलनी अजून सांगते. पाठक मॅडम शाळेत मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं, एकट्या राहायच्या, शिस्तीच्या इतक्या कडक की गल्लीतले कुत्रेसुद्धा त्यांच्या फाटकासमोरून गुपचूप जायचे. त्या पचमढीला गेल्या. काकूंनी विचार केला, बाईमाणसाचं एकटं घर, इथं पुरुषाचा धाक दिसला पाहिजे. त्यांनी वझलवार काकांची निळी चौकड्याची लुंगी, दोन बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्यांची ढगळ चड्डी मॅडमच्या अंगणात वाळत घातली. रोज. मधूनमधून जागा बदलून.

नेमके मॅडमचे थोरले बंधू कटनीहून आंब्यांची पेटी घेऊन आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोर चड्डी. गृहस्थ तिथंच वळले. पेटी घेऊन थेट स्टेशन. रात्रीपर्यंत कटनी, सतना आणि बिलासपूरला बातमी पोचली होती. तिसऱ्या दिवशी मॅडम पचमढी सोडून परत. काकू समोर उभ्या. मॅडमनी दोरीवरची चड्डी दोन बोटांत धरून नीट पाहिली आणि विचारलं, "मंदाताई, ही कुणाची?" काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांची. पण ते वारून सहा वर्षं झाली हो, तुम्ही काही मनात आणू नका!" मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. मुख्याध्यापिका हसते हे गल्लीला त्या दिवशी कळलं. पुढच्या सुट्टीत चावी देताना मॅडमनी सोबत एक नवी कोरी लुंगी दिली. "लावायचीच तर जरा बरी लावा."

अशी गेली ती वर्षं. गल्लीत एकही चोरी झाली नाही.

मग गेल्या उन्हाळ्याआधी नागपूरहून बातमी आली. काकूंची एकुलती एक मुलगी मीनू. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आता तिला दिवस गेले होते, मेअखेरीस बाळ येणार. काकू पेढे वाटत आल्या आणि पेढा माझ्या तोंडात कोंबतानाच त्यांचा चेहरा उतरला. "मोहनभाऊ, मेमध्ये हो. आता चाब्या कोण पाहील?"

हसू नका. त्यांच्यासाठी हा साधा प्रश्न नव्हता. मीनू फोनवर म्हणायची, आई, तू हवीस, मला भीती वाटते. आणि इकडे अख्ख्या गल्लीनं ज्यांच्या जिवावर बुकिंगं केली होती त्या काकूंनाही भीती वाटत होती. आपण गेलो आणि एक घर जरी फुटलं तर पुन्हा तोंड कसं दाखवायचं? जेवण कमी झालं, दिवसभर चिडचिड सुरू झाली. मला फार वाईट वाटायचं.

त्यांनी वारस शोधायला सुरुवात केली. पहिला उमेदवार मीच, कारण हाताशी तेवढा एकच होतो. मला पाठक मॅडमच्या दारात उभं केलं. म्हणाल्या, बोला. मी घसा साफ करून म्हटलं, "अगं, चहा झाला का?"

"हे तं तुम्ही परवानगी मागून राहिले. हक्कानं बोला ना!"

मी हक्कानं बोललो. समोरच्या खांबावरचा कावळा मान तिरकी करून बघत राहिला. काकूंनी मला हातानंच बाजूला केलं. नंतर देशकरांची परीक्षा झाली. पण त्यांना स्वतःच्या घराशी भांडायला सांगितल्यावर ते खरोखरच चिडले आणि बंद दाराला लाथ मारून बसले. आठवडाभर लंगडत होते.

पंधरा मेच्या सुमाराची सकाळ. गल्ली जवळजवळ रिकामी. काकू पायरीवर बसलेल्या, मी शेजारी चहा घेत. निगमची कचरागाडी गाणं वाजवत आली. गाडीमागून रामकली. सफाईच्या कामावरची चाळिशीची बाई, डोक्याला फडकं, गळ्यात शिट्टी. ती रोज यायची, शिट्टी वाजवायची, आम्ही दोन हात लांबून डबा पुढे करायचो. सहा वर्षांत मी तिच्याशी 'हे घे' याच्यापुढे बोललो नव्हतो.

"काए अम्मा, आज चेहरा उतरा है?"

काकूंनी सांगितलं. मीनू, नागपूर, चाव्या. रामकलीनं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, "तो आप जाओ न अम्मा। हम देख लेंगे सूने घर।"

काकू ताठ बसल्या. "कौन से सूने घर? सब तो यहीं हैं।"

रामकलीनं बोटावर मोजायला सुरुवात केली. मॅडम मंगळवारी गेल्या. देशकर शनिवारी. कोपऱ्यावरचे अजून आहेत पण मुलं आजोळी गेलीत, कारण बिस्किटांची वेष्टणं बंद झाली. आणि या भैयांच्या घरी दीदी नाहीत, फक्त ब्रेडची पाकिटं आणि अंड्याची टरफलं. मी चहात तोंड लपवलं.

"तुझे कैसे मालूम?"

"अम्मा, कचरा नहीं आता न उन घरों से।"

दिवे झाले, कपडे झाले, पाणी झालं, भांडणसुद्धा झालं. कचऱ्याचा विचार त्यांनी एवढ्या वर्षांत केला नव्हता! बंद घरातून भाजीचं एक साल बाहेर पडत नाही हे रोज सकाळी गाडीला कळत होतं.

"मतलब तुझे सब पता था?"

"छह साल से।"

"और तूने किसी को...?"

"काए को बताएँ? उलटे उन गेटों पर हम दो मिनट ज्यादा रुकते हैं। सीटी बजाते हैं, ढक्कन पटकते हैं, कहते हैं, दीदी, गीला-सूखा अलग करो! कोई देखे तो समझे कि घर में आदमी हैं।"

काकू हसायला लागल्या. रामकलीही. दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि गाडीचं गाणं चालूच होतं. इतक्या वर्षांत काकूंना बरोबरीचं कुणी भेटलं नव्हतं. "अख्ख्या गल्लीत अक्कल असलेली एकच निघाली," मला म्हणाल्या, "आणि तिच्याकडून आपण नुसतं कचरा उचलून घेऊन राहिलो."

चाव्या रामकलीला द्यायच्या हे काकूंनी तिथंच ठरवलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं सांगितलंही. आणि मग जे व्हायचं ते झालं. अकोल्याहून, पुण्याहून, आजोळच्या झोपाळ्यांवरून निरोप आले. कचरेवालीकडे चावी? ओळख ना पाळख! कुणी म्हणालं कुलूप बदलू, कुणी म्हणालं काकूंचं वय झालं. एकट्या पाठक मॅडमनी लिहिलं, "माझी हरकत नाही." सुनंदानं मला फोनवर विचारलं, तुमचं काय मत? मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'ची मला अजून लाज वाटते.

काकूंनी एक लांबलचक निरोप बोलून पाठवला. "सहा वर्षं तिला सारं माहीत होतं आणि तिनं कोणाला चकार शब्द सांगितला नाही. मी तं एक दिवस गप बसू शकत नाही. सांगा मला, चाबी कोणाकडे पायजे?" त्यावर दोघांनी होकाराचा अंगठा टाकला, बाकीचे गप्प. काकू म्हणाल्या, आठ दिवस आहेत अजून, सगळ्यांना राजी करूनच जाईन.

आठ दिवस मिळाले नाहीत. तिसऱ्या सकाळी जावयांचा फोन आला. मीनूला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं, दिवसांच्या आधीच. काकू माझ्या दारात आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. नागपूरची बस तासाभरात सुटणार होती. माझी स्कूटर मेकॅनिककडे. फोनवरून ऑटो मिळेना. मी रस्त्यापर्यंत धावत गेलो आणि तसाच परत आलो. काकू फाटकाचा गज धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. त्यांना असं गप्प मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात कचरागाडी वळली. रामकलीनं एका नजरेत ओळखलं. ड्रायव्हरला म्हणाली, "ये गली हम पैदल कर लेंगे। तुम अम्मा को चौराहे तक छोड़ो, वहाँ ऑटो मिल जाएगी।" ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरची पोती काढून मागे टाकली आणि स्वतःच्या गमछ्यानं सीट पुसली.

काकूंनी कमरेचा जुडगा सोडला. फोन काढला नाही, कुणाला विचारलं नाही. सगळ्या चिंध्यांसकट तो रामकलीच्या दोन्ही हातांत ठेवला. मी म्हटलं, "काकू, ग्रुपवर मी सांगतो. आमची चावी पण तिच्याकडेच राहील." उशिरा म्हटलं, पण म्हटलं. मग मी आणि रामकलीनं मिळून काकूंना वर चढवलं. पाय उंच, साडी आडवी, पिशवी खाली, सगळा गोंधळ.

संध्याकाळी नात झाली. काकू दुपारीच पोचल्या होत्या. त्या उन्हाळ्यात गल्लीत काही गेलं नाही, देशकरांचं भांडणही रामकलीनं हिंदीत व्यवस्थित चालवलं. काकू मात्र नागपूरलाच राहिल्या. नातीला सोडून यायचं त्यांच्यानं होत नाही, फोनवर नुसतं तिचं रडणं ऐकवतात.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. गाडी निघाली आणि ड्रायव्हरनं सवयीनं गाणं लावलं. गल्लीत उरलेले आम्ही पाचसहा जण बाहेर आलो होतो. इतकी वर्षं आम्हाला दही देऊन वाटेला लावणाऱ्या बाईला निरोप कसा द्यायचा हे कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून नुसते हात हलवत राहिलो. काकू पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाण्याच्या तालावर मान डोलत होती. गाडी एकामागून एक चौदाही घरांवरून गेली. त्यांनी एकाही घराकडे मान वळवून पाहिलं नाही.